पाकोळीचे पंख

फ्रान्स देशात आमियाँ शहराच्या आग्नेयेला हंगार नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावच्या दफनभूमीला लागूनच पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे कबरस्तान आहे. इंग्रज, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन नावांचे पांढरे दगड एका मापाने, ओळीने उभे आहेत. आणि त्या ओळींतच एका दगडावर नाव आहे ते मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरांचे. लेफ्टनंट, रॉयल एअर फोर्स. मृत्यूची तारीख ३० जून १९१८.

त्या महायुद्धात मराठे कमी मेले नाहीत. मेसोपोटेमियाच्या वाळूत, कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात मराठा पलटणींनी काय सोसले ते आपण ऐकले आहे. परंतु ती माणसे जमिनीवर लढत होती. वेलिणकर लढले ते आकाशात, आणि आकाशात लढण्याची परवानगी मिळवणे हीच त्या काळी एका हिंदी तरुणासाठी अर्धी लढाई होती.

लढाऊ अधिकाऱ्याची सनद हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होती. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डात शिकत होते. विमानदळात घेईनात, म्हणून ते फ्रेंचांच्या रेड क्रॉसची गाडी हाकू लागले. पुढे फ्रेंच विमानदळ त्यांना घ्यायला तयार झाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूने जनरल हेंडरसन यांना पत्र लिहून, आपल्या साम्राज्याचा माणूस दुसऱ्याच्या विमानात बसणार, ही गोष्ट शोभते काय, असा सवाल केला. मग १९१७ च्या एप्रिलात मलिकांना सनद मिळाली. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांच्यासाठी मुद्दाम शिवून घ्यावे लागले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांना आधी दृष्टीच्या कारणावरून नाकारले होते. त्यांनी आपली मोटारसायकल विकून दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली, असे सांगतात. असे सांगतात म्हणून लिहिले, कारण रॉयांच्या भोवती कथा पुष्कळ आहेत. एका अपघातानंतर त्यांना मेलेले समजून प्रेतागारात ठेवले आणि आतून दार वाजले तेव्हा पहारेकऱ्याची बोबडी वळली, ही त्यांतलीच एक. पण पुढची गोष्ट कथा नव्हे. १९१८ च्या जुलैमध्ये दोन आठवड्यांच्या आत या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या नावावर शत्रूची दहा विमाने जमा झाली, आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. एरॉल चंदर सेन जर्मनांच्या कैदेत गेले. चौथे आपले वेलिणकर.

या चौघांच्याही छातीवर जो पंखांचा बिल्ला होता, त्याची जन्मकथा फार जुनी नाही. १९१२ साली इंग्लंडात रॉयल फ्लाइंग कोअर स्थापन झाले आणि १९१३ च्या आरंभी राजाने त्याच्या वैमानिकांसाठी बिल्ला मंजूर केला. तो आखला वर सांगितलेल्या हेंडरसन यांनी आणि साइक्स नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने. पंख कोणत्या पाखराचे घ्यावेत? गरुडाची कल्पना कोणालाही सुचली असती. त्यांनी घेतले ते स्विफ्टचे, म्हणजे आपल्या पाकोळीच्या भाऊबंदाचे. जुन्या वाड्यांच्या वळचणीला आणि देवळांच्या मंडपात संध्याकाळी किलबिलाट करीत घिरट्या घालणारी ती पाकोळी. पाय इतके आखूड की तिला जमिनीवर धड चालता येत नाही. सारे आयुष्य हवेत. ज्याने ही निवड केली त्याला पाखरे ठाऊक होती, यात शंका नाही.

दोन पंख वैमानिकाला. विमानात बसून शत्रूची टेहळणी करणाऱ्याला १९१५ पासून एकच पंख मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धात या अर्ध्या पंखाची पिलावळ वाढली. मार्ग दाखवणारा, बंदूक चालवणारा, बिनतारी संदेश पाठवणारा, इंजिन सांभाळणारा, प्रत्येकाचा अर्धा पंख आणि मुळाशी त्याच्या कामाचे आद्याक्षर. आपल्याकडे ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी विमानदळ कायद्याने अस्तित्वात आले आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिटी विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तेव्हा मूठभर अधिकाऱ्यांबरोबर जे भरती झाले त्यांना म्हणत हवाई सिपाही. विमाने पुसणे, यंत्रे जोडणे हे त्यांचे काम. पण त्यांच्यातलेच काही मागच्या खोबणीत बसून बंदूक धरू लागले. जमिनीवरचा माणूस आणि आकाशातला माणूस यांच्यामधली रेघ पहिल्या दिवसापासून अशी पुसट होती. सगळ्या तक्रारींचे मूळ त्या पुसट रेघेत आहे.

बिल्ला म्हणजे शेवटी कापडाचा तुकडा. छावणीतला कोणीही शिंपी तो शिवून देईल. तो लावण्याचा हक्क मात्र कागदातून येतो. अमुक क्रमांकाचा, अमुक नावाचा इसम अमुक तारखेपासून उड्डाणाच्या कामावर नेमला, असा हुकूम निघतो. त्या हुकुमाची नोंद सेवापुस्तकात उतरते. आणि सेवापुस्तकातून ती निवृत्तीच्या कागदावर येते. या साखळीतला एखादा कारकून त्या दिवशी रजेवर असला की माणूस आकाशात गेलाच नाही असे ठरते.

वेलिणकरांच्या बाबतीत साखळी कशी तुटली ते पाहण्यासारखे आहे. ते तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन नावाचे एकासनी विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले आणि परत आले नाहीत. इंग्रजांच्या दप्तरात शब्द पडला, बेपत्ता. प्रत्यक्षात ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले होते आणि तीन दिवसांनी वारले. जर्मनांनी त्यांना पुरले, कबरीची नोंदही केली. शत्रूचा अधिकारी म्हणून इतमाम राखला. फक्त नाव लिहिले ते वुमकर.

वेलिणकरांचे वुमकर! इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी आडनाव, ते वाचणारा जर्मन, ते पुन्हा उतरवून घेणारा आणखी कोणी. या तीन चाळण्यांतून जे उरले ते कबरीच्या माथ्यावर चढले. इकडे घरच्यांना वेलिणकर हवे होते आणि तिकडे वुमकर सापडत होता. युद्ध संपले, तह झाला, तरी हा घोळ सुटायला १९२१ साल उजाडावे लागले. तेव्हा कोठे वुमकर म्हणजेच वेलिणकर हे मान्य झाले आणि दगडावर खरे नाव कोरले गेले. ज्या बेपत्ता माणसांच्या नावांची अशी ओळख पटली नाही, त्यांच्या आयांनी काय केले असेल!

नावाच्या या फजितीचे मला नवल वाटत नाही, कारण माझे अर्धे आयुष्य शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावर गेले आहे. आमच्या वऱ्हाडात ज्ञानेश्वर हे नाव घरोघर. ते इंग्रजीत कोणी डी-एन लावून लिहितो, कोणी नुसता डी-वाय, आणि एकदा मुलगा हिंदी मुलखात नोकरीला गेला की त्याचा जी लागून ग्यानेश्वर होतो. पुंडलिकाचे क कधी कापले जाते, कधी दुप्पट होते. बापाचे नाव आडनावाच्या जागी, आडनाव गावाच्या जागी. जन्मतारीख तर बहुतेकांची १ जून किंवा १ जुलै, कारण शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली असते. हेच मूल पुढे फौजेत जाते, आणि मास्तरांच्या टाकाची ती चूक त्याच्याबरोबर सियाचिनपर्यंत चढते.

वऱ्हाडचा आणि फौजेचा संबंध तसा जुना आहे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी एलिचपुरास, म्हणजे आपल्या अचलपूर-परतवाड्यास होती. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात मिसळली तेव्हा तिच्या एका पलटणीला नाव मिळाले ९६ वी बेरार इन्फंट्री. १९२२ मध्ये ती हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ ठेवले गेले. कुमाऊँ रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनच्या नावापुढे बेरार हा शब्द अजून आहे. हिमालयाच्या पायथ्याचे जवान आमच्या मुलखाचे नाव मिरवतात. लष्करी दप्तर एखादे नाव टिकवायचे म्हटले की असे टिकवते!

विमानाशी आमची ओळख त्या मानाने उशिराची. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, अकोल्याजवळ शिवणी येथे धावपट्टी तयार झाली. अमरावतीजवळ बेलोऱ्याला ती यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली, आणि तिथून मुंबईचे प्रवासी विमान उडाले ते १६ एप्रिल २०२५ ला. पण धावपट्टी नव्हती म्हणून विमानात बसणारी माणसे नव्हती असे नाही. कापसाच्या एकरी उत्पन्नाला कंटाळून मॅट्रिक नापास किंवा पास झालेली पोरे भरतीच्या रांगेत उभी राहिली, त्यांतली काही विमानांपर्यंत पोहोचली.

त्यांतलाच एक वृद्ध गृहस्थ दर्यापूर तालुक्यातून मजकडे अर्ज लिहून घ्यायला आला होता. खेड्यात मास्तर म्हणजे अर्धा वकील. त्याच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. एक कोपरे झडलेला फोटो, त्यात छातीवर अर्धा पंख स्पष्ट दिसत होता. एक पगाराची चिठ्ठी, तिच्यावर उड्डाणभत्त्याची रक्कम. आणि निवृत्तीचे पुस्तक, ज्यात त्याचा धंदा लिहिला होता तो निव्वळ जमिनीवरच्या कारागिराचा.

मी म्हटले, आता या वयात याचा उपयोग काय? पेन्शन वाढणार आहे का?

तो म्हणाला, “पैशे नाही मांगत जी गुर्जी मी कोनाले. पेन्शन चालू हाय. पन मी इमानात बसत होतो हे त्या कागदावर नाही. नातू इचारते, आबाजी, तुमचे पंख कुठी हायेत? काय सांगू त्याले?”

अर्ज मी लिहिला. यथावकाश उत्तर आले, की ज्या हुकुमान्वये अर्जदारास उड्डाणाच्या कामावर नेमले त्या हुकुमाचा क्रमांक व दिनांक कळवावा, म्हणजे पुढील विचार करता येईल. हुकूम काढणार ते, जपून ठेवणार ते, आणि क्रमांक सांगायचा दर्यापूरच्या शेतकऱ्याने! दुसरा अर्ज गेला आहे. त्यात भत्त्याच्या चिठ्ठीची नक्कल जोडली आहे, कारण सरकार एक वेळ पंख विसरेल, पण पैसे दिलेले विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.

अशी माणसे आमच्याकडेच आहेत असे समजू नये. अमेरिकेत तर या कामासाठी १९४६ सालापासून कायदाच आहे. लष्करी दप्तरातली चूक किंवा अन्याय दुरुस्त करण्यासाठी तेथे नागरी माणसांची मंडळे नेमलेली आहेत. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम. पण न्यायाला धरून असेल तर ही मुदत माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे, आणि हे कलम मला फार शहाणपणाचे वाटते. चूक कधी ध्यानात येते? नातवाने विचारल्यावर.

या मंडळांपुढे विमानाच्या बिल्ल्याची प्रकरणे वारंवार येतात. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बंदूक धरून बसणारे कित्येक शिपाई मूळचे पायदळाचे किंवा दुरुस्तीखात्याचे होते. आज माणूस कमी पडला, तू बस, असे म्हणून बसवलेले. सहकाऱ्यांना ठाऊक, गोळ्या झाडणाऱ्या शत्रूलाही ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त दप्तराला. मग मंडळ विचारते, उड्डाणाचा लेखी हुकूम आहे काय? नसेल तर भत्त्याचा पुरावा, उड्डाणाची वही, बरोबरच्यांची निवेदने. आमच्या दर्यापूरच्या गृहस्थाची पिशवी तिथेही चालली असती.

आणि मूळ दप्तरच जळाले तर? १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्री सेंट लुईस शहरातल्या लष्करी दप्तरखान्याच्या सर्वांत वरच्या मजल्याला आग लागली. इमारतीत आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. चार दिवस ती धुमसत होती. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० च्या दरम्यान सैन्यातून मोकळे झालेल्यांपैकी शंभरातल्या ऐंशींच्या, आणि विमानदळातल्या एका मोठ्या गटातल्या शंभरातल्या पंचाहत्तरांच्या. नकला काढलेल्या नव्हत्या, सूचीही नव्हती. जे वाचले ते बंबांच्या पाण्याने चिंब. त्या ओल्या गठ्ठ्यांना बुरशी लागू नये म्हणून ते एका विमान कारखान्यातल्या निर्वात कोठीत नेऊन सुकवले. आकाशयानांच्या चाचणीसाठी केलेली ती कोठी. ज्यांनी विमाने चालवली त्यांचे कागद सुकवायला विमान करणाराच धावून आला, असा तो योगायोग.

परंतु अमेरिकेतल्या ज्या गोष्टीने मला खरोखर चटका लावला ती बायकांची आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे १,०७४ स्त्रिया शिकून लष्करी विमाने चालवू लागल्या. कारखान्यातून नवी विमाने तळावर न्यायची, तोफांच्या सरावासाठी मागे निशाण बांधून उडायचे, दुरुस्त झालेली विमाने पहिल्यांदा वर नेऊन पाहायची. त्यांना पंख मिळाले, गणवेश मिळाला. पण कागदोपत्री त्या राहिल्या मुलकी नोकर. अडतीस जणी कामावर असताना मेल्या, आणि त्यांची प्रेते घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढली, शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्क नव्हता. २० डिसेंबर १९४४ ला दल बरखास्त झाले, दप्तर गुप्त म्हणून बंद झाले. तीस वर्षांनी विमानदळाने जाहीर केले की आता आम्ही प्रथमच स्त्रियांना लष्करी विमाने चालवू देणार! तेव्हा साठीकडे झुकलेल्या बायका उठल्या आणि वॉशिंग्टनला गेल्या. वाद फार झाला. सैनिक संघटनांनीच विरोध केला. अखेर पारडे ज्याने झुकले ते एक साधे प्रमाणपत्र होते: त्यांच्यापैकी एकीला तिच्या वरिष्ठाने जो निवृत्तीचा कागद दिला होता, तो शिपायांना देतात त्याच नमुन्याचा निघाला. १९७७ साली कायदा झाला आणि त्या सैनिक ठरल्या.

एका कागदाने हे होते. म्हणून घरोघरच्या ट्रंकांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. सरकारची दप्तरे जळतात. लंडनलाही १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बाँबने पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची साठ टक्के कागदपत्रे एका रात्रीत खाक केली. कधी ती जळत नाहीत, नुसती विसरली जातात. १९१९ साली पंजाब सरकारने गावोगावच्या शिपायांच्या याद्या करवल्या होत्या. सव्वातीन लाखांच्या आसपास नावे. त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होत्या. २०२१ मध्ये त्यांतल्या काही जिल्ह्यांची नावे सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध झाली, आणि इंग्लंडात वाढलेल्या पंजाबी मुलांना आपल्या पणजोबांची पलटण प्रथमच कळली. जालंधर, लुधियाना, सियालकोट. फाळणीच्या दोन्ही बाजूंची गावे एकाच वहीत शेजारी शेजारी.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली येतेच. तीत एखाद्या काकांचे, आजोबांचे फौजेतले पुस्तक असेल, तर रद्दीच्या गठ्ठ्यात जाण्याआधी दोन मिनिटे ते उघडावे. क्रमांक, दल, भरतीची आणि सुटीची तारीख, आणि नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे ते जसेच्या तसे, चुकीसकट, उतरवून घ्यावे. चूकसुद्धा उतरवावी, कारण दप्तरात शोधताना चुकीचेच नाव उपयोगी पडते. जुनी पगाराची चिठ्ठी तर मुळीच टाकू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अकोल्याला आहे, अमरावतीलाही आहे. आणि तिथे भागले नाही तर २००७ च्या कायद्याने सैनिकांसाठी वेगळे न्यायाधिकरण झाले आहे, त्याचे एक पीठ मुंबईला बसते.

पंखांचा बिल्ला आता राजाचा राहिलेला नाही. प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. सेनेचे स्वतःचे वेगळे विमानदळ १ नोव्हेंबर १९८६ ला झाले, त्याची शाळा नाशिक रोडला आहे. तेथेच २५ मे २०२२ रोजी अभिलाषा बराक या कॅप्टन तरुणीच्या छातीवर पंख लागले. सेनेची ती पहिली लढाऊ वैमानिक स्त्री. तिचा हुकूम, क्रमांक आणि तारीख मात्र नीट नोंदलेली असणार, वर्तमानपत्रांतच छापून आली आहे.

वेलिणकर तर पोस्टाच्या तिकिटावरही आले. २०१९ साली टपाल खात्याने पहिल्या महायुद्धातल्या हिंदी वैमानिकांची तिकिटे काढली, त्यांत मलिक, रॉय आणि सेन यांच्या जोडीला चौथे तेच आहेत.